दुपारी तीनची नदी

मासे न खाणारा माणूस मासे पकडायला जातो, आणि पकडलेले मासे परत पाण्यात सोडून देतो, हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी सरळ विचारलं होतं, "मग जाता कशाला?" मी तेव्हा नोकरीत नवी होते आणि वरिष्ठांशी जपून बोलावं हे मला कोणी शिकवलेलं नव्हतं. काका काहीच बोलले नाहीत. मला वाटलं, रागावले, किंवा ऐकू कमी येत असेल. दुपारी चहाच्या वेळी ते माझ्या टेबलाशी आले आणि म्हणाले, "भेटायला."

"कोणाला?"

"माशाला," म्हणाले आणि कप घेऊन निघून गेले.

त्यांचं सगळंच असं होतं. प्रश्न विचारला की उत्तर यायला सकाळची दुपार व्हायची. मीटिंगमध्ये समोरचा माणूस घाम पुसत बसलेला असायचा आणि हे खिडकीबाहेर बघत असायचे. "आधी पाणी बघ," हे त्यांचं पालुपद. नवी निविदा आली, आधी पाणी बघ. मला दुबईच्या डिस्कव्हरी गार्डन्स वस्तीत तीन मुलींसोबत फ्लॅट मिळत होता, आधी पाणी बघ. मी नळ उघडून बघून आले, तर डोक्याला हात लावून म्हणाले, "अगं, त्या मुली कशा आहेत ते बघ. पाच मिनिटं नुसती बस त्यांच्यात. काही बोलू नकोस."

ऑफिसात सगळे त्यांना सर म्हणत. मीही चारचौघांत सरच म्हणायचे. पण पहिल्याच आठवड्यात त्यांनी "नाशिकची ना तू? शुक्रवारी घरी ये, काकू वाट बघतेय" असं फर्मान काढलं आणि ते माझे काका झाले. आमची कंपनी दुबईत हॉटेलांना आणि बड्या बंगल्यांना कारंजी, धबधबे, बागेतले ओढे बांधून द्यायची. वाळवंटात पाणी खेळवायचं, तेच ते खाली आलेलं पाणी पंपानं उचलून पुन्हा वरून सोडायचं, असा हा धंदा. काका पंपांचे आणि पाइपांचे मुख्य इंजिनियर, आणि मी त्यांच्या हाताखाली.

त्यांच्या नादाला फ्लाय फिशिंग म्हणतात. गळाला गांडूळ लावायचं नाही, कणकेची गोळी लावायची नाही. पिसं, लोकर, रेशीम आकड्याला गुंडाळून एक खोटी माशी बनवायची. मग लांब लवचीक काठीनं दोरी हवेत पुढे-मागे खेळवत ती माशी पाण्यावर अशी अलगद उतरवायची, की माशाला वाटावं ही बिचारी आत्ताच पडली. आकड्याचा उलटा काटा काका पक्कडीनं दाबून सपाट करून टाकायचे, म्हणजे मासा सोडवताना त्याला लागू नये. थोडक्यात, एवढा खटाटोप करायचा आणि मासा निसटून जाईल याचीही व्यवस्था आपणच करून ठेवायची. मी हे असं म्हटलं की ते खूश व्हायचे. "बरोब्बर समजलीस," म्हणायचे.

हे वेड त्यांना लागलं तरुणपणी. नोकरीची सुरुवात हिमाचलात, एका जलविद्युत प्रकल्पावर झाली होती. रविवारी करायला काही नाही, बोलायला मराठी माणूस नाही. तिथल्या दवाखान्यातल्या म्हाताऱ्या डॉक्टरांनी त्यांच्या हातात काठी दिली आणि नदीत उभं केलं. पुढे ते आखातात आले, पण दर एप्रिलला त्या नदीवर जात राहिले. आमच्याकडे माणसं सुट्टी घेतात ती जुलै-ऑगस्टात, नाहीतर गणपतीला. हे एकटे एप्रिलमध्ये घ्यायचे. नदीचं नाव मात्र कधी सांगत नसत. मी खोदून विचारलं तेव्हा म्हणाले, "सांगितलं तर तू उद्या फोटोसकट इन्स्टाग्रामवर टाकशील."

काकू मालवणच्या. घरात एका पातेल्यात काकांचं वरण आणि दुसऱ्यात काकूंचं बांगड्याचं तिखलं, असा संसार. "माझ्या बाबांना आधी कळलं असतं ना, की जावई हातात आलेला मासा सोडून देतो," काकू म्हणायच्या, "तर त्यांनी साखरपुडाच मोडला असता." काकांनी नवी दोरी मागवली की किंमत आधी दिरहममध्ये, मग रुपयांत आणि शेवटी सुरमईत मोजली जायची. एकदा काकूंनी कपाट उघडलं तर लग्नातल्या शालूच्या पदराची जर एका कडेनं उसवलेली. चौकशीअंती कळलं की ती जर पाण्याखाली सुंदर चमकते. काकू आठ दिवस बोलल्या नाहीत. काकांच्या हे चौथ्या दिवशी लक्षात आलं, असं काकूच सांगतात.

मी पहिल्यांदा त्यांच्या शारजाच्या घरी गेले तो शुक्रवार मला चांगला आठवतो. बिल्डिंगच्या मागे वाळूचं मोकळं मैदान होतं, एका कडेला गाड्या लावलेल्या. मैदानाच्या मधोमध काका काठी घेऊन उभे. काठी वाकलेली, दोरी ताणलेली, आणि दोरीच्या दुसऱ्या टोकाला काकू. पंजाबी ड्रेस, पायात स्पोर्ट्स शूज, एका हाताला दोरी गुंडाळलेली आणि दुसऱ्या हातात फोन. फोनवर मालवणच्या बहिणीशी गप्पा चालू होत्या. मधेच काकू एकदम उजवीकडे पळाल्या आणि दोन गाड्यांच्या फटीत शिरल्या.

"अगं, गाड्यांमध्ये जाऊ नकोस!" काका ओरडले.

"मासा विचारून जातो का?" काकू आतूनच म्हणाल्या. मग त्यांना मी दिसले. "आलीस? बस जरा. यांनी मला सोडलं की चहा टाकते."

वर्षानुवर्षं हे चाललेलं होतं. एप्रिलच्या आधी दोन-तीन महिने काकांचा हात बसावा म्हणून काकू मासा व्हायच्या. सुरुवातीला लाजल्या, मग कंटाळल्या, आणि मग त्यांना त्यात गती आली. कधी झटका द्यायचा, कधी ढील द्यायची, दोरी कुठे अडकवायची, हे सगळं त्यांना कळायला लागलं. चहा गाळता गाळता म्हणाल्या, "हे घाई करतात. आज दोनदा मी निसटले असते. मुद्दाम नाही निसटले, पोहे भिजत घातले होते." त्यांची मुलगी तेव्हा कॉलेजात होती. ती गॅलरीतून ओरडायची, "आई, एव्हरीवन इज वॉचिंग!" बिल्डिंगचा पठाण वॉचमन मात्र या दोघांकडे आदरानं बघायचा. नवरा-बायकोनं रोज इतका वेळ एकत्र घालवलेला त्यानं दुसरीकडे कुठे पाहिला नसावा.

गाडी चालवतानाही काका नदीतच असायचे. शारजाहून दुबईला येणारा सकाळचा जाम ज्यानं भोगला आहे त्याला मी काय सांगू. लोक हॉर्न वाजवत, शिव्या देत, देवाचं नाव घेत. काका एक हात स्टिअरिंगवर ठेवून शांतपणे शिकवायचे. "हे बघ, मधलं पाणी पळतंय, कडेचं थांबलंय. मासा दोन्हींच्या सीमेवर असतो. तिथे त्याला श्रम नाहीत आणि खाणं समोरून वाहत येतं." असं म्हणून ते सीमेवरच्या लेनमध्ये गाडी घालायचे. आम्ही इतर सगळ्यांइतकेच उशिरा पोचायचो. पण मूडमध्ये पोचायचो, हे मात्र खरं.

एप्रिलमधली नदी कशी असते हे त्यांनी मला अशाच एका जाममध्ये सांगितलं. "रात्री वर डोंगरात सगळं गोठतं. म्हणून सकाळी पाणी कमी आणि स्वच्छ, तळाचा दगडन् दगड दिसतो. ऊन चढलं की बर्फ वितळतो, पण ते पाणी खाली पोचायला दुपार होते. तीनच्या सुमाराला नदी बदलते. आधी रंग, जरासा दुधाळ. मग आवाज. मग बघता बघता चढते. त्याच्या आत बाहेर पडायचं."

"आणि नाही पडलं तर?"

"तर नदी काढते बाहेर. तिच्या पद्धतीनं."

हे ते अनुभवानं बोलत होते, हे मला नंतर काकूंकडून समजलं. मी नोकरीला लागायच्या आधीच्या एका एप्रिलमध्ये ते भर प्रवाहात उभे होते, माशी पाण्यावर, नजर माशीवर. नदी चढलेली कळलीच नाही. पाय गेला, गुडघा दोन दगडांत पिरगाळला, आणि पाण्यानं बरंच खाली नेऊन एका खडकावर टाकलं. काठावरून जाणाऱ्या एका टॅक्सीवाल्यानं ओढून काढलं. गुडघ्याचं ऑपरेशन झालं. वाहत्या पाण्यात पुन्हा उभं राहायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. मी "जाता कशाला?" विचारलं तेव्हा त्यांचं जाणं बंद झालेलं होतं. छातीपर्यंत येणारी त्यांची रबरी विजार काकूंनी एका बॅगेत घालून कुलूप लावलं आणि किल्ली मंगळसूत्राशेजारी साखळीत अडकवली. "इतकी वर्षं यांचा मासा झाले," काकू मला म्हणाल्या, "आता विधवा व्हायची हौस नाही मला."

दोरीचा सराव तरीही चालू राहिला. काकू मासा व्हायच्या, काका काठी धरायचे. कशासाठी, हे दोघंही बोलत नसत. मला ते बघवत नसे. परीक्षाच रद्द झालेल्या पोरानं रोज अभ्यासाला बसावं, तसं ते होतं.

आणि मग रास अल खैमाचं काम आलं.

डोंगराच्या पायथ्याशी एक नवं हॉटेल होत होतं. वरच्या बाजूला एक तळं, खालच्या बाजूला एक तळं, आणि मध्ये खोल्यांच्या पुढून वाहत जाणारा लांबलचक ओढा. काकांची साठी जवळ आली होती. कंपनी त्यांना आणखी दोन वर्षं ठेवून घेणार, म्हणजे व्हिसाही वाढणार, असं जवळजवळ ठरलेलं होतं. मुलीचं कॉलेजचं शेवटचं वर्ष अजून व्हायचं होतं, तेव्हा त्या दोन वर्षांची घराला गरज होती. हे काम बिनबोभाट पार पाडायचं, एवढंच कंपनीचं म्हणणं होतं.

काकांनी ते बिनबोभाट पार पाडलं नाही. आर्किटेक्टनं सरळ रेषेत काढलेला ओढा त्यांनी तीन ठिकाणी वाकवला. वळणाच्या आतल्या बाजूला उथळ खडी, बाहेरच्या बाजूला खोल डोह. पाणी दोन बाजूंनी वळसा घालेल असे दगड त्यांनी स्वतः उभं राहून क्रेननं ठेवून घेतले. एक दगड तर अर्धा दिवस हवेत लटकत होता, काका खालून "अजून जरासा, अजून जरासा" करत होते आणि क्रेनवाला "यल्ला सर, खलास करो" म्हणून कळवळत होता. आणि सगळ्यावर कडी म्हणजे पंपांचा वेग त्यांनी घड्याळाला बांधला. सकाळी पाणी कमी, नितळ, खडीवरून खुळखुळणारं. दुपारी तीनला पंप हळूहळू वाढायचे, आणि ओढा अर्ध्या तासात गुडघ्यापर्यंत चढायचा. संध्याकाळी पुन्हा उतरायचा.

रास अल खैमात काकांनी एप्रिल बसवला होता.

हॉटेलच्या बाजूनं काम बघणाऱ्या मॅडम लेबनीज होत्या. त्यांनी हे बघितलं आणि हात कमरेवर ठेवले. "इंजिनियर, व्हाय इज माय रिव्हर मूव्हिंग? गेस्टना शांत पाणी लागतं. सेम लेव्हल, ऑल डे. फोटो काढतात ते."

काकांनी नेहमीप्रमाणे खूप वेळ घेतला. मग म्हणाले, "मॅडम, जे पाणी कधी बदलत नाही ते नळातून येतं. त्यासाठी एवढे दगड कशाला?"

मॅडम हसल्या, पण ऐकेनात. मग काकांनी सकाळी पंप हळू चालल्यानं विजेची किती बचत होईल याचा तक्ता त्यांच्यापुढे ठेवला. तक्ता खरा होता, पण त्यांच्या मनात विजेचं काही नव्हतं, हे मला ठाऊक होतं. मॅडमनी सही केली. "फाइन, हबीबी. युवर क्रेझी रिव्हर."

चाचणीच्या दिवशी सल्लागार कंपनीची माणसं पाण्याचा वेग मोजायला मीटर घेऊन आली. काका पॅन्ट दुमडून, काठी घेऊन पाण्यात शिरले. माशीला आकडा नव्हता, नुसता लोकरीचा आणि जरीचा गुच्छ. सल्लागारांना म्हणाले, "तुम्ही वेग मोजा, मी चाल बघतो." दोरी हवेत गेली, मागे पसरली, पुढे आली, आणि तो गुच्छ दगडाच्या वरच्या बाजूला इतका हलका उतरला की पाण्यावर वर्तुळही उठलं नाही. मग तो प्रवाहाबरोबर खाली आला, दगडाला वळसा घालून, डोहावरून, कुठेही न अडखळता. मासा नव्हताच त्यात. काकांचा चेहरा मात्र असा होता की मी नजर दुसरीकडे वळवली. मला त्या क्षणी त्यांचा हेवा वाटला. आपल्याला कशातच इतका आनंद होत नाही, हे माझ्या ध्यानात आलं आणि जरा वाईट वाटलं.

हस्तांतराच्या आधी कंपनीनं सगळ्यांच्या कुटुंबांना काम बघायला बोलावलं. मार्च महिना, हवा अजून सोसवेल अशी. बायका, मुलं, डबे, चटया. काकूही आल्या, मटार करंज्यांचा मोठा डबा घेऊन. काका लग्नघरातल्या यजमानासारखे फिरत होते. सगळ्यांना सांगत होते, "तीनला इथे या हं. जेवण आटपून घ्या. तीनला."

तीनला सगळे काठावर जमले. काकांनी घड्याळ बघितलं आणि ओढ्याकडे बोट केलं. खुळखुळ वाढली. खडीवरची उथळ पाण्याची जाळी भरत गेली, डोह फुगला, वळणावर पांढरा फेस आला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मोबाईल वर झाले. काकू माझ्या कानात म्हणाल्या, "याच्यासाठी जातात होय हे?" त्यांच्या आवाजात चेष्टा नव्हती.

टाळ्या थांबल्या तेव्हा खालच्या वळणाकडून एक बारीक आवाज आला.

"अंकल! द स्टोन इज गॉन!"

आमच्या अकाउंटंटची मुलगी, सहा-सात वर्षांची, ओढ्याच्या मधल्या मोठ्या दगडावर उभी होती. पाणी कमी असताना ती मधल्या लहान दगडांवर पाय ठेवत ठेवत तिथे गेली असणार, आणि खेळात रमली असणार. आता ते लहान दगड पाण्याखाली गेले होते. ती रडत नव्हती. ज्या दगडावरून आली तो कुठे गेला, एवढंच तिला समजत नव्हतं, आणि तो शोधायला तिनं एक पाय पाण्यात घातला होता.

"पाय वर घे!" काका इतक्या मोठ्यानं ओरडले की ती दचकून मागे सरकली. मग ते माझ्याकडे वळले. "पंप बंद करायला सांग." मी पंप रूममधल्या माणसाला फोन लावला. पंप लगेच थांबले. पण वरच्या तळ्यात भरलेलं पाणी उतरून जायला वेळ लागतो, हे मला माहीत होतं आणि त्यांनाही.

मुलीचा बाप सरळ तिच्या दिशेनं पाण्यात घुसायला निघाला होता. काकांनी त्याला दंडाला धरून मागे ओढलं, कोणाच्या तरी हातातली उन्हाची छत्री घेतली आणि स्वतः उतरले. तिच्या समोर उतरले नाहीत, बरेच वर जाऊन उतरले. अंग प्रवाहाला आडवं, छत्री वरच्या बाजूला टेकवलेली, पाय न उचलता तळावरून सरकवत. एक पाऊल रोवल्याशिवाय दुसरं हलत नव्हतं. गुडघ्याएवढं पाणी जोरात असलं की मोठ्या माणसालाही ढकलतं, आणि त्यांचा एक गुडघा तर निकामीच. काकूंनी माझा हात धरला होता. त्यांची नखं मला रुतत होती, पण त्या डोळे मिटून घेत नव्हत्या. एकटक बघत होत्या.

काका मुलीच्या वरच्या अंगाला जाऊन उभे राहिले, म्हणजे पाणी आधी त्यांच्यावर फुटावं. मागे न वळताच म्हणाले, "माझा बेल्ट धर. दोन्ही हातांनी. खाली बघू नकोस. लुक ॲट आंटी." मुलगी त्यांच्या पाठीमागच्या शांत पाण्यात उतरली. पाणी तिच्या कमरेच्या वर आलं. मग दोघं प्रवाहाच्या कलानं, तिरके, सावकाश खालच्या काठाला लागले.

पुन्हा टाळ्या झाल्या, आधीपेक्षा जोरात. मुलीची आई रडत त्यांच्या पायाशी वाकली. "सर, तुम्ही होतात म्हणून..."

"वाकू नका," काका म्हणाले. "थँक यू म्हणू नका मला. ते पाणी मीच आणलं होतं."

ते ओल्या कपड्यांनी, लंगडत पंप रूममध्ये गेले. मी मागोमाग गेले. त्यांनी पॅनेल उघडलं आणि घड्याळाला बांधलेला तो सगळा प्रोग्राम पुसून टाकला. सकाळ, दुपार, संध्याकाळ एकच आकडा. घोट्याच्या खाली पाणी. तो बसवायला त्यांनी कित्येक आठवडे घालवले होते, आणि पुसायला त्यांना जेमतेम मिनिट लागलं.

"गुडघ्याएवढं पाणी म्हणजे काही नाही, असं मला वाटत होतं," ते पॅनेलकडे बघतच बोलले. "मी माझ्या गुडघ्यानं मापलं गं."

गोष्ट इथे संपली असती तर बरं झालं असतं. पण पुढच्या आठवड्यात काकांनी मॅडमना फोन करून "तुमचंच बरोबर होतं" म्हणून सांगितलं, तर त्या चक्क नाराज झाल्या. हॉटेलच्या मालकांना ती तीनची नदी दाखवून झाली होती. त्यांना ती फार आवडली होती. जाहिरातीत घालायचं ठरलं होतं, रोज तीन वाजता वसंत. आमच्या जनरल मॅनेजरनी काकांना केबिनमध्ये बोलावलं. मीही होते.

"सर, क्लायंट हॅपी है. आप क्यों अनहॅपी है? चालू कर दो ना."

"करता हूँ," काका म्हणाले. "काठावर एक माणूस ठेवायला सांगा. रोज, पाणी चढायच्या आधीपासून उतरेपर्यंत. त्याला दुसरं काही काम द्यायचं नाही. नुसतं पाण्याकडे आणि माणसांकडे बघायचं."

मॅनेजरनी हॉटेलला विचारलं. हॉटेलनं कळवलं की माणूस ठेवता येणार नाही, पण मोठा बोर्ड लावू. तीन भाषांत.

"बोर्ड ओरडत नाही," काका म्हणाले.

मी त्यांना लिफ्टपाशी गाठलं. खूप चिडले होते मी. म्हटलं, "काका, बोर्ड लागला की जबाबदारी त्यांची. तुमची नदी आहे ती. आणि दोन वर्षांचं एक्स्टेन्शन यावर लटकलंय, कळतंय ना तुम्हाला?" त्यांनी या वेळी अजिबात वेळ घेतला नाही. "ती पोरगी इंग्रजीत विचारत होती मला, दगड कुठे गेला," एवढंच म्हणाले. लिफ्ट आली, आणि ते गेले.

हॉटेलला शेवटी सपाट पाण्याचाच ओढा मिळाला. काकांनी दुसऱ्या कोणाला त्या पॅनेलला हात लावू दिला नाही आणि हस्तांतराच्या कागदांत तसं स्पष्ट लिहून ठेवलं. एक्स्टेन्शन मिळालं नाही. याच कारणानं, असं कोणी तोंडावर म्हणालं नाही. साठी आल्यावर नियमानं निरोप समारंभ झाला, केक कापला, घड्याळ दिलं. मुलीनं शेवटच्या वर्षासाठी होस्टेलमध्ये जागा घेतली आणि संध्याकाळची नोकरी धरली. बापाला एका शब्दानं बोलली नाही. मला मात्र म्हणाली, "ही वॉज राइट, यू नो."

शारजाचं घर आवरायला मी मदतीला गेले होते. खोकी भरता भरता काकूंनी पलंगाखालून ती बॅग ओढली, गळ्यातल्या साखळीतली किल्ली काढली आणि कुलूप उघडलं. रबरी विजार बाहेर काढून झटकली, उलटीपालटी करून बघितली, आणि गावाला न्यायच्या सामानात घडी घालून ठेवली. काका दारात उभे होते. कधी विजारीकडे, कधी काकूंकडे बघत होते.

"अहो, असे बघू नका," काकू म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "मला इतकी वर्षं वाटायचं, हा माणूस पाण्यात गेला की त्याला भान राहत नाही. त्या दिवशी बघितलं मी. किती शहाण्यासारखे चालतात गं पाण्यात. फक्त मान वर करून बघत नाहीत."

"मग?" मी विचारलं.

"मग काय, मी बघेन. काठाकाठानं जायचं, गुडघ्याच्या वर पाणी लागलं की बाहेर. डॉक्टरांना सांगितलंय मी. नाही म्हणाले ते. म्हटलं, तुम्ही तुमचं काम केलंत."

काका खोलीत गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत. आम्ही दोघींनी उरलेली भांडी भरली.

पुढच्या एप्रिलमध्ये मी मेट्रोत होते तेव्हा काकूंचा व्हॉइस मेसेज आला. बराच मोठा होता. सुरुवातीला नुसता पाण्याचा आवाज, इतका मोठा की मला फोन कानापासून दूर धरावा लागला. काकूंनी फोन चालू करून बाजूच्या दगडावर ठेवला असणार, मला नदी ऐकवायला. मला दिसत होतं, त्या बसल्या आहेत आणि एकटक बघताहेत. हळूहळू तो आवाज बदलला, भरला, जड झाला. आणि मग काकूंचा आवाज आला, मैदानातल्या त्या आवाजाहून कितीतरी मोठा.

"अहो! चढलं पाणी! या बाहेर!"

काही नाही, नुसती नदी. माझं स्टेशन आलं होतं, पण मी दारातच उभी राहिले.

मग लांबून, अगदी बारीक, "आलो, आलो!" आणि थोड्या वेळानं खडीवर वाजणारे जड बूट, धापा, आणि अगदी जवळ काकू, "बसा. आधी बसा." मी तिथेच, दारात, रडले. दार माझ्यासमोर बंद झालं आणि मी पुढच्या स्टेशनावर उतरले.